आजी शेजारच्या राज्यात राहते तेव्हा

समजा, शिकागोच्या न्यायालयाने एका लहान मुलाला असुरक्षित घरातून काढून त्याचा ताबा इलिनॉयच्या बालकल्याण खात्याकडे दिला. त्याची आजी मिलवॉकीत राहते, गाडीने दीड-दोन तासांवर. नातवाला सांभाळायला ती एका पायावर तयार आहे. तरीही न्यायाधीशांना त्याला लगेच तिच्याकडे पाठवता येत नाही, कारण मिलवॉकी विस्कॉन्सिन राज्यात आहे.

अमेरिकेत बालसंरक्षणाचा कारभार राज्यांकडे असतो. इलिनॉयच्या न्यायालयाचा हुकूम विस्कॉन्सिनच्या यंत्रणेवर चालत नाही. यावर तोडगा म्हणून राज्याराज्यांत एक करार झाला. न्यूयॉर्कने 1960 मध्ये तो सर्वप्रथम स्वीकारला; आज सर्व 50 राज्यांत तो कायदा आहे. मूल जिथे जायचं त्या राज्याने, ही व्यवस्था मुलाच्या हिताविरुद्ध दिसत नाही, असं लेखी कळवल्याशिवाय मूल पाठवता येत नाही, हे त्याचं मुख्य कलम.

मग कागद फिरू लागतात. शिकागोहून अर्ज इलिनॉयच्या करार-कार्यालयात, तिथून विस्कॉन्सिनच्या कार्यालयात आणि शेवटी मिलवॉकीच्या समाजसेविकेच्या हाती. ती आजीच्या घरी जाते, खोल्या पाहते, मिळकत विचारते, घरातल्या प्रौढांची गुन्हेविषयक नोंद तपासते. 2006 च्या संघीय कायद्यानुसार ही गृहचौकशी 60 दिवसांत व्हायला हवी. मोठ्यांना दोन महिने थोडे वाटतील; अनोळखी घरात झोपणाऱ्या तीन वर्षांच्या मुलासाठी तो फार मोठा काळ आहे.

म्हणूनच न्यायाधीशांनी आपल्या हातातलं एक साधन वापरायला हवं. मूल चार वर्षांचं किंवा त्याहून लहान असेल, तात्पुरत्या निवाऱ्यात असेल किंवा त्या नातेवाइकाशी त्याचा घट्ट संबंध असेल, तर कराराच्या सातव्या नियमाखाली तातडीचा आदेश काढता येतो. मग समोरच्या राज्याने कामकाजाच्या 20 दिवसांत निर्णय द्यायचा असतो. हा आदेश आपोआप निघत नाही; न्यायाधीशांना त्यातल्या अटी पूर्ण झाल्याची नोंद करावी लागते.

होकार आला आणि मूल आजीकडे गेलं, तरी शिकागोच्या न्यायालयाची जबाबदारी संपत नाही. देखरेख विस्कॉन्सिनची समाजसेविका करते, अहवाल शिकागोला येतात. मुलाला परत आणायचं का, कायमचं घर कोणतं, हे तिथलेच न्यायाधीश ठरवतात आणि आर्थिक जबाबदारीही इलिनॉयवरच राहते. दत्तकविधान होईपर्यंत, मूल सज्ञान किंवा स्वावलंबी होईपर्यंत, किंवा विस्कॉन्सिनच्या संमतीने प्रकरण बंद होईपर्यंत हे चालतं. मूल दोन राज्यांच्या मधे बेवारस राहू नये, यासाठीची ही तरतूद मला या करारातली सर्वांत मोलाची वाटते.

याउलट, मुलाच्या आईने स्वतःच त्याला आजीकडे नेऊन ठेवलं असतं, तर हा करार लागूच झाला नसता. जवळच्या नातलगांमधल्या अशा व्यवस्थेला त्यात सूट आहे. न्यायालय मधे आलं की त्याच आजीची चौकशी होते. ताबा घेतल्यावर राज्य उत्तरदायी ठरतं, त्यामुळे हे पटण्याजोगं आहे.

पटत नाही ते दुसऱ्या राज्यात राहणाऱ्या जन्मदात्याच्या बाबतीत. ज्याच्यावर कसलाही आरोप नाही अशा वडिलांनीही मंजुरीची वाट पाहावी का? यावर न्यायालयांत एकमत नाही. कनेक्टिकटच्या सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये, करार अशा पालकाला लागू नाही, असा निर्णय दिला. काही राज्यांत मात्र तो पालकांनाही लावला जातो. तिथे निर्दोष बाप आपल्याच लेकराच्या ताब्यासाठी परक्या कार्यालयाच्या होकारावर अवलंबून राहतो.