अल्कोहोलातले शेवटचे पाणी



आपल्या आसवनीला पडद्याचे नवे यंत्र जोडावे की नाही, हा विषय येत्या वार्षिक सभेपुढे आहे. "साहेब, एवढा बॉयलर पेटतोय, मग राहिलेलं पाणी अजून थोडं उकळून का जात नाही?" असे गट कार्यालयात एका सभासदांनी विचारले. प्रश्न रास्त आहे. गुळाच्या काहिलीत जाळ लावत राहिले की पाणी उडते. इथे उलटे आहे. अल्कोहोल ७८.४ अंशांना उकळते, पाणी १०० अंशांना. म्हणून अल्कोहोलची वाफ वर धरायची. वजनाने शेकडा ९५.६ पर्यंत हे जमते. पुढे दोघांची अशी गाठ बसते की द्रवात जे प्रमाण तेच वाफेत. मग कितीही बगॅस जाळा.

पेट्रोलमध्ये मिसळायला मात्र ९९ टक्क्यांच्या वर शुद्ध अल्कोहोल लागते. पाणी जास्त झाले तर ते अल्कोहोलला ओढून घेऊन टाकीच्या तळाशी बसते. पूर्वी ही गाठ सोडवायला बेंझीन घालत. ते कॅन्सरकारक, मागे पडले ते बरेच झाले. आता झिओलाइटचे मणी वापरतात. त्यांच्या बारीक छिद्रांत पाणी शिरते, अल्कोहोल शिरत नाही. पण मणी पुन्हा सुकवायला तयार अल्कोहोलचीच काही वाफ खर्ची पडते.

पडद्याचे काम माठासारखे. माठातले पाणी पाझरते, बाहेर येऊन उडते. हा पडदा पॉलिव्हायनिल अल्कोहोलचा, म्हणजे यंत्रमागाच्या सुताच्या खळीत वापरतात त्याच पदार्थाचा. फक्त पाण्यात विरघळू नये असा पक्का केलेला. माठासारखी छिद्रे त्याला नाहीत. पाणी त्यात मुरते आणि पलीकडच्या निर्वात बाजूला वाफ होऊन निघते. अल्कोहोल फारसे मुरत नाही. म्हणजे वाफ करायची ती राहिलेल्या पाण्याची, सगळ्या अल्कोहोलची नव्हे. बचत आहे ती इथे. मात्र माठासारखाच आतला द्रव गार होतो, तो वाटेत पुन्हा तापवावा लागतो.

फ्रान्समध्ये बेतनीव्हिल येथे, बीटाच्या साखरेच्या मुलखात, रोज दीड लाख लिटरचा असा प्रकल्प १९८८ सालीच उभा राहिला. तेव्हा ही गोष्ट नुसती प्रयोगशाळेतली नाही.

पण पडदा नाजूक. उष्णता किंवा आम्ल जादा झाले की लवकर जातो. शिवाय पाणी कमी होत जाईल तसा तो सुस्तावतो, आणि शेवटच्या अंशासाठी पडदा जास्त लागतो. किंमत वाढते ती तिथेच. म्हणून सभेत नुसती यंत्राची किंमत विचारू नका. पडदा किती हंगाम टिकेल, बदलायला काय पडेल, त्याची हमी लेखी मिळणार का आणि बगॅस किती टन वाचेल, हे विचारा.

— ऊस विकास अधिकारी