मतदाराची वाट

दिल्लीतील लक्ष्मीबाई नगर ही सरकारी नोकरवर्गाची वसाहत. झाशीच्या राणीचे नाव मिरविणाऱ्या या वसाहतीत नाना प्रांतांची, नाना भाषांची कुटुंबे बदलीनिमित्त येतात आणि जातात. मुलाकडे कायमची राहावयास आलेली एखादी वऱ्हाडी आजी येथून मतदानाला निघाली, तर ती काय काय करील? यादीत नाव शोधील, रांगेत उभी राहील, बोटाला शाई लावून घेईल, आडोशामागे जाईल. घरापासून घरापर्यंतचा हा क्रम कागदावर मांडावयाचा आणि प्रत्येक पायरीशी ‘येथे ती अडखळते काय?’ असे विचारावयाचे, या रीतीला वस्तूंचे संकल्पक ‘वापरणाऱ्याच्या प्रवासाचा आराखडा’ म्हणतात. नाव भारदस्त असले, तरी चांगला सुतार हे पूर्वीपासून करीत आलाच आहे.

मतपत्रिकेच्या काळात आजीची खरी अडचण आडोशामागे होती. शिक्का दोन चौकटींच्या मधोमध पडे. शाई ओली असताना घडी चुकली, की ठसा दुसऱ्या नावावर उमटे. मत बाद होई, आणि आजीला त्याचा पत्ताही नसे. जी अडचण सोसणाऱ्यालाच कळत नाही, ती तक्रारवहीत कोठून सापडणार?

केरळात परूर येथे 1982 साली 50 केंद्रांवर मतदान यंत्र प्रथम वापरले गेले. त्याला कायद्याचा आधार 1989 मध्ये मिळाला. यंत्राच्या बाह्यरूपाची घडण त्याच सुमारास पवईच्या आय. आय. टी.तील औद्योगिक अभिकल्प केंद्रात प्रा. ए. जी. राव व प्रा. रवी पूवैया यांनी केली. त्या घडणीत मतदाराची वाट स्पष्ट दिसते. अक्षरओळख नसलेल्यासाठी चिन्ह, त्याच्याच ओळीत निळे बटन. बटन दाबताच शेजारी तांबडा दिवा लागतो आणि शिटीसारखा आवाज होतो. दृष्टिहीनांसाठी पुढे ब्रेल अंक आले. मतदान अधिकाऱ्याकडील निराळ्या यंत्रातून परवानगी मिळाल्यावाचून मत नोंदले जात नाही. त्यामुळे एकाच हाताने भराभर मते नोंदण्यालाही आळा बसतो. दिल्लीतील सहा विधानसभा मतदारसंघांत हे यंत्र 1998 साली आले, आणि 2004 मध्ये लोकसभेच्या सर्व जागांवर.

आवाज झाला, पण मत गेले कोणाला? ही शंका यंत्राच्या कोणत्याही सुट्या भागात नव्हती, ती मतदाराच्या मनात होती. आराखड्यात मनासाठीही एक रकाना ठेवतात, तो याचसाठी. नागालँडमधील नोकसेन येथे 2013 साली प्रथमच मतदाराला आपल्या मताची छापील चिठ्ठी काचेआड सात सेकंद दिसली.

मात्र यंत्र कितीही सुबक केले, तरी ते वाटेच्या शेवटाशी उभे असते. लक्ष्मीबाई नगरात नुकत्याच बदलून आलेल्या कारकुनाचे नाव जुन्या गावच्या यादीत राहिले असेल, तर तो पहिल्याच पायरीवरून परततो. त्याला हवा असतो पत्ता बदलण्याचा नमुना 8, आणि तो मतदानाच्या दिवशी नव्हे, त्याच्या कितीतरी आधी.