खुर्चीचा वाद आणि कल्याणची तारीख (लेखांक १७)

कंपनी कायद्याच्या कलम २४१-२४२ चा अर्ज कसा लिहितात, ते या आठवड्यात सांगायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या वेळी. मधेच कोपरच्या एका वाचकांचा फोन आला आणि त्यांचा प्रश्न काही मला सोडेना.

दोघे भाऊ, डोंबिवली एमआयडीसीत छोटा कारखाना, प्रायव्हेट लिमिटेड कंपनी. धाकट्याला, म्हणजे या वाचकांना, संचालकपदावरून काढल्याची नोंद थोरल्याने कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या (एमसीए) पोर्टलवर चढवली. सभा झालीच नाही, असं धाकट्याचं म्हणणं. ते राष्ट्रीय कंपनी कायदा लवादाकडे (एनसीएलटी) गेले. मग थोरल्याने फौजदारी तक्रार केली की धाकट्याने कंपनीचं मिनिट बुक आणि चेकबुकं घरी नेली. आता एनसीएलटीची तारीख कफ परेडला पडते, फौजदारीची कल्याण कोर्टात. गेल्या महिन्यात दोन्ही एकाच दिवशी आल्या. कोपर स्टेशनवर उभं राहून कुठली गाडी धरायची तेच कळेना, असं ते सांगत होते. "संचालक कोण हेच अजून ठरलेलं नाही. मग फौजदारी केस थांबायला नको का?"

आपोआप थांबत नाही. १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने एम. एस. शेरीफ खटल्यात याचा विचार केला. पोलिसांवर फौजदारी कारवाई आणि बेकायदा अटकावाच्या भरपाईचे दिवाणी दावे, दोन्ही एकदम उभे होते. न्यायालयाने दावे थांबवले आणि फौजदारी पुढे जाऊ दिली. दिवाणी दावे वर्षानुवर्षं रेंगाळतात, तोवर साक्षीदारांची आठवण पुसट होते, हे त्यामागचं कारण. मात्र हा पक्का नियम नाही, प्रकरण पाहून ठरवावं, असंही त्याच निकालात आहे. निकाल लिहिला न्या. व्हिव्हियन बोस यांनी, जे त्याआधी नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते.   

तर मग कंपनीच्या ताब्याच्या वादाचा फौजदारीवर परिणाम होतो कुठे? माझं उत्तर: हेतूवर. आणि त्यासाठी मुंबईचंच उदाहरण घेऊ.

२४ ऑक्टोबर २०१६ ला सायरस मिस्त्री यांना टाटा सन्सच्या अध्यक्षपदावरून हटवलं. नुस्ली वाडिया तेव्हा टाटा स्टील, टाटा मोटर्स आणि टाटा केमिकल्सचे स्वतंत्र संचालक होते. त्यांनाही काढावं म्हणून टाटा सन्सने भागधारकांपुढे ठराव नेला. त्यासाठीच्या नोटिशीतल्या मजकुराने आपली बदनामी झाली, असं म्हणत वाडिया यांनी मुंबईत मॅजिस्ट्रेटकडे रतन टाटा आणि इतर संचालकांविरुद्ध फौजदारी तक्रार केली.

आता तारखा शेजारी शेजारी ठेवून वाचा. जुलै २०१८ मध्ये एनसीएलटीच्या मुंबई पीठाने हटवण्याविरुद्धचा मिस्त्री यांचा अर्ज फेटाळला. त्यानंतर डिसेंबरमध्ये मॅजिस्ट्रेटने बदनामीच्या तक्रारीत नोटिसा काढल्या. मिस्त्री यांचं अपील एनसीएलटीच्या वरच्या अपील लवादापुढे असतानाच, जुलै २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या नोटिसा रद्द केल्या. १८ डिसेंबर २०१९ ला अपील लवादाने मिस्त्री यांच्या बाजूने कौल दिला. १० जानेवारी २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. लगेच १३ जानेवारीला, बदनामीचा हेतू नव्हता हे नोंदलं गेल्यावर, वाडिया यांनी आपली प्रकरणं मागे घेतली. आणि ताब्याचा मूळ वाद मिटला २६ मार्च २०२१ ला, म्हणजे त्यानंतर चौदा महिन्यांनी.

दोन्ही प्रकरणं आपापल्या चालीने चालली, एकाने दुसऱ्याची वाट पाहिली नाही. बदनामीचं प्रकरण अखेर मिटलं ते हेतूच्या प्रश्नावर. अध्यक्ष कोण असायला हवा होता, याचा निकाल लागायची गरजच पडली नाही.

रविवारी मी कोपरला त्या वाचकांच्या घरी गेलो. मिनिट बुक त्यांनी टेबलावर ठेवलं. पानांना क्रमांक, प्रत्येक पानावर अध्यक्षांची छोटी सही. वादातल्या सभेचं इतिवृत्त मात्र वेगळ्या कागदावर टाइप करून डिंकाने चिकटवलेलं. मिनिट बुकात असं चिकटवायला नियमांनी साफ मनाई आहे. बोट फिरवलं की कडा हाताला लागते. हे पाहूनच त्यांनी पुस्तक घरी आणलं होतं.

मला हे कारण फार मोलाचं वाटतं. आपण अजून संचालक आहोत अशा प्रामाणिक समजुतीने, पुरावा जपायला पुस्तक नेणं वेगळं, आणि लबाडीने पळवणं वेगळं. ती समजूत प्रामाणिक होती हे दाखवायला एनसीएलटीतला अर्ज आणि त्याची तारीख कामाला येते. उलट, इतिवृत्त बनावट असेल तर थोरल्यालाही लवादातल्या प्रकरणाची ढाल मिळणार नाही. दस्तऐवज कोर्टात दाखल होण्याआधीच बनावट केला असेल, तर त्याची फौजदारी तक्रार होऊ शकते, हे इक्बालसिंग मारवाह प्रकरणात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी सांगितलं आहे.

लपवू मात्र काही नये. पश्चिम बंगालमधल्या एका शाळेच्या ट्रस्टमधून काढलेल्या माणसाने फौजदारी तक्रार करताना आधीचा दिवाणी दावा सांगितला नाही. उषा चक्रवर्ती प्रकरण म्हणून ते ओळखलं जातं. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कारवाईच रद्द केली. थोरल्याच्या तक्रारीतही एनसीएलटीचा उल्लेख नाही. वकिलांनी तो मुद्दा लिहून घेतला आहे.

त्यांनी पुस्तक जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळून परत कपाटात ठेवलं. पुढच्या तारखेला चेकबुकांसह ते कल्याण कोर्टात जमा करायचं ठरलंय. यादी मी त्यांच्याकडून तिथेच लिहवून घेतली. पानं किती, कोरी किती आणि चिकटवलेलं कुठलं, सगळं तीत आहे.