टर्बो मोटारीतील हवा-पेट्रोलाचा हिशेब

निपाणी मागे टाकून पुणे–बेंगळुरू महामार्ग दक्षिणेकडे निघाला की थोड्याच अंतरावर तवंदीचा घाट लागतो. मालाने भरलेला एखादा जुना ट्रक या चढास लागला आणि चालकाने पाय दाबला, की प्रथम काळ्या धुराचा लोट उठतो. मग गाडी जोर धरते आणि धूर विरळ होत जातो. हे दृश्य आपणांपैकी बहुतेकांनी बसच्या खिडकीतून पाहिले असेल. धूर आधी आणि जोर नंतर, असे का व्हावे? या एका प्रश्नाच्या उत्तरात टर्बो बसविलेल्या मोटारीचे बरेचसे शास्त्र आले आहे.

कलाशाखेच्या शिक्षकाने या विषयास का हात घालावा, असे कोणी विचारील. आमचा एक माजी विद्यार्थी गॅरेजात काम करतो. हाताने हुशार, कानाने तर फारच हुशार. इंजिनाचा आवाज ऐकून कोणता सिलिंडर मार खातो ते सांगतो. तो एके दिवशी इंग्रजी माहितीपुस्तकाची छापील पाने घेऊन आला आणि म्हणाला, "सर, इंजिन मला कळतं, पण हे कागद कळत नाहीत. तुम्ही शब्द सांगा, मी वस्तू दाखवतो." आमची घरची बोली कोकणी, शाळेची भाषा मराठी, बाजारात कानडी हवीच, आणि यंत्राची भाषा इंग्रजी, या चौरस्त्यावर उभे राहून आम्ही दोघांनी ती पाने वाचली. पुढील विवेचन त्या वाचनातून निघालेले आहे.

टर्बो म्हणजे एका दांड्यावर बसविलेली दोन चाके. इंजिनातून बाहेर पडणारा तप्त धूर एका चाकास फिरवितो. त्याच दांड्यावरील दुसरे चाक बाहेरची हवा ओढून, दाबून इंजिनात कोंबते. वाया जाणाऱ्या धुराकडून हे काम करवून घेण्याच्या कल्पनेचे पेटंट स्वित्झर्लंडच्या आल्फ्रेड ब्युखी या अभियंत्याने १९०५ साली घेतले. कल्पना सुरेख, परंतु तीत एक खोच आहे. चाक वेगाने फिरण्यास पुरेसा धूर हवा, धुरास जास्त इंधन हवे, आणि जास्त इंधन जळण्यास जास्त हवा हवी! म्हणून चालकाचा पाय दाबला जाताच डिझेल तत्काळ पोचते, हवेला मात्र थोडा वेळ लागतो. त्या मधल्या वेळात हवेविना अर्धवट जळालेले डिझेल काजळी होऊन बाहेर पडते. तवंदीचा काळा लोट तो हाच. चांगल्या इंजिनात यावर उपाय असतो: हवेचा दाब वाढेपर्यंत डिझेलास रोखून धरणारी एक छोटी यंत्रणा पंपावर बसविलेली असते. पुण्याच्या कोथरूड भागात १९६२ साली निघालेल्या किर्लोस्कर कमिन्स कंपनीचे नाव आपल्या भागात जुन्या मिस्त्रींच्या तोंडी असते. कमिन्सच्या टर्बो इंजिनांत अशीच सोय केलेली आढळते. ही यंत्रणा नादुरुस्त झाली, किंवा 'पिकअप' वाढावा म्हणून कोणी मुद्दाम सैल केली, की धूर सुरू होतो.

तेव्हा पहिली गोष्ट ध्यानात ठेवावयाची ती ही की, इंजिनात इंधन घालणे सोपे आहे. अवघड आहे ते हवा मोजणे. जो हवा बिनचूक मोजील त्याचे इंधनाचे गणित आपोआप सुटते. जो आधी इंधन वाढवितो आणि हवेचा विचार नंतर करतो, तो अंधारात हिशेब लिहितो.

आता पेट्रोलच्या मोटारीकडे वळू. पूर्वी पेट्रोल व हवा यांचे मिश्रण कार्बोरेटर करीत असे. मिस्त्री पेचकस घेऊन एक स्क्रू अर्धा फेरा फिरवी, कान देऊन ऐके आणि मान हलवी. सन २००० च्या आगेमागे मोटारींच्या पाठीवर 'एमपीएफआय' ही अक्षरे झळकू लागली, तेव्हापासून तो स्क्रू गेला. प्रत्येक सिलिंडरासाठी एक इंजेक्टर आला, आणि तो केव्हा व किती वेळ उघडावा हे ठरविणारा एक लहान संगणक आला. गॅरेजात त्यास 'ईसीएम' म्हणतात. पुढे टर्बोही पेट्रोल मोटारींत आला. चाकणच्या कारखान्यातील पोलो जीटी टीएसआय २०१३ साली आली, टाटांची नेक्सॉन २०१७ साली. आणि एप्रिल २०२० मध्ये भारत स्टेज ६ चे नियम लागू झाल्यावर काही कारखान्यांनी लहान डिझेल मोटारी बंद केल्या, तेव्हा लहान टर्बो पेट्रोल इंजिनांचे महत्त्व आणखी वाढले.

ईसीएम हिशेब कसा करतो, हे आपल्या आठवीच्या गणिताने पाहता येईल. समजा, १ लिटरचे, तीन सिलिंडरांचे इंजिन आहे. प्रत्येक सिलिंडर एक तृतीयांश लिटरचा. निपाणी समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच. येथे हवेचा दाब सुमारे ९४ किलोपास्कल, तर वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावर सुमारे १०१. निपाणीतील उबदार दुपारी एक लिटर हवेचे वजन जवळजवळ १.०८ ग्रॅम भरते. म्हणजे सिलिंडर पूर्ण भरला तर त्यात ०.३६ ग्रॅम हवा मावेल. परंतु सिलिंडर कधी पूर्ण भरत नाही. घाईघाईने भरलेल्या घागरीसारखी त्याची गत असते. तो शेकडा ८० भरला असे धरू. तर हवा ०.२९ ग्रॅम झाली. शुद्ध पेट्रोल पूर्णपणे जळण्यास त्याच्या वजनाच्या १४.७ पट हवा लागते. भागाकार केला की उत्तर येते सुमारे २० मिलिग्रॅम. प्रत्येक फवाऱ्यात एवढेसे पेट्रोल, आणि इंजिन मिनिटास ३००० फेरे घेत असेल तर असे फवारे मिनिटास ४५००!

आता टर्बो फिरू लागला आणि आत जाणाऱ्या हवेचा दाब ९४ वरून दुप्पट, १८८ झाला. हवेची उष्णता तीच राहिली असे धरले तर हवा दुप्पट, म्हणून पेट्रोलही दुप्पट, ४० मिलिग्रॅम. वस्तुतः हवा दाबली की तापते, हे सायकलीच्या पंपास हात लावणाऱ्या प्रत्येकास ठाऊक आहे. तापलेली हवा विरळ असते, म्हणून तिला थंड करण्यासाठी वाटेत इंटरकूलर बसवितात आणि तिची उष्णता मोजण्यासाठी एक संवेदक. दाब, उष्णता आणि फेरे या तीन आकड्यांवर सारा हिशेब उभा आहे. मात्र सिलिंडर शेकडा किती भरतो, हे कोणत्याही संवेदकास दिसत नाही. ते एका कोष्टकात आधीच लिहून ठेवावे लागते. आडव्या ओळीत फेरे, उभ्या ओळीत दाब. सोळा गुणिले सोळा असे २५६ चौकोन, आणि प्रत्येक चौकोनात एक आकडा. इंधनाचे 'ट्यूनिंग' म्हणतात ते मुख्यतः हे चौकोन खरे करीत जाणे होय. यात जादू नाही. तलाठ्याच्या पाहणीप्रमाणे प्रत्येक तुकड्यावर जाऊन खरा आकडा लिहून आणावयाचा असतो.

येथे आपल्या भागाशी निगडित अशी एक गंमत सांगतो. निपाणीच्या भोवताली उसाचे मळे आहेत, साखर कारखाने आहेत, आणि उसापासून होणारे इथेनॉल आता पेट्रोलात मिसळले जाते. २०२३ सालापासून शेकडा २० इथेनॉलचे पेट्रोल विक्रीस येऊ लागले व पुढे देशभर पसरले. इथेनॉलमध्ये प्राणवायू मुळातच असल्यामुळे ते जळण्यास केवळ ९ पट हवा पुरते. म्हणून या मिश्रणाचा आकडा १४.७ राहत नाही, तो १३.५ च्या आसपास येतो. आमच्या उदाहरणातील २० मिलिग्रॅमचे साडेएकवीस होतात. जुन्या इंग्रजी पुस्तकातील १४.७ हा आकडा जो पाठ करून बसेल, तो उसाच्या प्रदेशात चुकेल. यासाठी जाणते लोक 'लॅम्डा' नावाचे माप वापरतात: जे इंधन असेल त्यास नेमकी पुरेल इतकी हवा म्हणजे १, त्याहून कमी आकडा म्हणजे पेट्रोल जास्त, त्याहून अधिक म्हणजे पेट्रोल अपुरे.

आणि पेट्रोल अपुरे पडणे हाच टर्बो इंजिनातील खरा धोका आहे. साध्या इंजिनात मिश्रण पातळ झाले तर गाडी अडखळते, चालक वैतागतो, एवढेच. टर्बोच्या दाबाखाली मिश्रण पातळ झाले तर आतील उष्णता वाढते आणि ठिणगीने लावलेली आग शेवटपर्यंत पोचण्याआधीच कोपऱ्यातील मिश्रण स्वतःहून पेट घेते. यालाच नॉकिंग म्हणतात. ज्वालेची उष्णता २००० अंशांहून अधिक, आणि पिस्टन ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा, जो ६६० अंशांच्या आतच वितळतो. इतका वेळ त्यास वाचविते ती धातूलगतची थोड्या थंड वायूची पातळ थर. नॉकिंगचे धक्के तीच उधळून लावतात. काही क्षणांत पिस्टनची कड झिजते किंवा मध्ये भोक पडते. म्हणूनच जास्त दाबाच्या चौकोनांत सुरुवातीस लॅम्डा ०.८ च्या आसपास, म्हणजे पेट्रोल मुद्दाम जास्त, ठेवतात. ते वाफ होताना उष्णता शोषते. त्याचबरोबर ठिणगी थोडी उशिरा पाडतात.

ज्यास हे शिकावयाचे आहे त्याने संगणक उघडण्याआधी पाना हाती घ्यावा. सिलिंडरांचे कॉम्प्रेशन मोजावे, प्लग काढून पाहावेत, टर्बोपासून इंजिनापर्यंतच्या रबरी नळ्यांचे क्लॅम्प घट्ट आहेत की नाहीत ते तपासावे; गळक्या नळीवर केलेले कोष्टक म्हणजे फुटक्या मापाने केलेला व्यापार. मग पेट्रोलचा दाब. इंजेक्टर हवेच्या वाटेत फवारतो, त्यामुळे तेथे हवेचा दाब १ बारने वाढला तर पेट्रोलचाही तितकाच वाढला पाहिजे, म्हणजे ३ बारचा ४ बार. तो वाढत नसेल तर कोष्टकातील सारे आकडे खरे असूनही पेट्रोल कमी पडेल. आमच्या विद्यार्थ्याचे म्हणणे असे की, निम्मे 'ट्यूनिंगचे' बिघाड येथेच सापडतात. त्यानंतर टायमिंग लाइट लावून, संगणक म्हणतो त्याच अंशावर ठिणगी पडते की नाही हे डोळ्यांनी पाहावे.

मोटारीतला मूळचा ऑक्सिजन संवेदक पुष्कळदा 'एकाच्या अलीकडे की पलीकडे' एवढेच सांगतो. किती अलीकडे ते सांगत नाही. म्हणून 'वाइडबँड' संवेदक बसविणे आवश्यक. तो नसेल तर कोष्टकास हात लावू नये. हे आम्ही विनंती म्हणून लिहीत नाही, अट म्हणून लिहितो.

पहिला आकडा लिहावयाचा तो उभ्या इंजिनाचा. गाडी उभी, इंजिन गरम, मंद चाल. तेथे आतील दाब जेमतेम ३० ते ३५ किलोपास्कल असतो. तो चौकोन लॅम्डा १ वर आणावा. नंतर सपाट रस्त्यावरील संथ चालीचे चौकोन. ते स्थिर झाल्यावरच टर्बोचा दाब, तोही शक्य तितका कमी ठेवून, एकेक पायरी वर. प्रत्येक फेरीची नोंद संगणकात साठवावी, गाडी थांबवून वाचावी, एकच बदल करावा आणि पुन्हा पाहावे. एकाने चालवावे, दुसऱ्याने आकडे पाहावेत. आणि जास्त दाबाचे काम महामार्गावर मुळीच करू नये. त्यासाठी डायनो असतो. चाके रोळ्यांवर फिरतात आणि गाडी जागीच राहते. तवंदीचा घाट ही काही प्रयोगशाळा नव्हे. त्या रस्त्यावरून शाळेची मुलेही जातात.

अलीकडे 'रिमॅप'चे खूळ बरेच पसरले आहे. दुसऱ्या कोणी दूरदेशी तयार केलेले कोष्टक पैसे देऊन मोटारीत भरून घ्यावयाचे आणि ताकद वाढली म्हणून आनंद मानावयाचा. ते कोष्टक कोणत्या पेट्रोलावर, कोणत्या उंचीवर तयार झाले हे घेणारा विचारीत नाही, देणारा सांगत नाही. कारखान्याची हमी जाते, आणि अपघात झाल्यास विम्याचाही प्रश्न निघू शकतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ नोंदणीपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत असे फेरबदल करण्यास मनाई करते; ते केए-२३ च्या मोटारीस लागू आहे तसेच एमएच-०९ च्या मोटारीसही. कुटुंबाची चालती मोटार ही शिकण्याची पाटी नव्हे. शिकण्यासाठी जुने, भंगारात निघालेले एमपीएफआय इंजिन लोखंडी घोड्यावर बसवावे. त्यास जोडण्याजोगे, खुल्या आराखड्याचे संगणकही मिळतात. ब्रूस बोलिंग व ॲल ग्रिपो या दोघांनी 'मेगास्क्वर्ट' हा असा संगणक तयार केला; 'स्पीडुइनो' हा त्याच वळणाचा, आर्डुइनो फळीवर चालणारा. आमचा विद्यार्थी सध्या अशाच एका इंजिनावर बसला आहे. टर्बो अद्याप लावलेला नाही, आणि त्याची त्यास घाईही नाही.

विद्यार्थिमित्रांस सुटीत करता येईल असा एक निरुपद्रवी प्रयोग येथे देतो. घरी किंवा शेजारी मोटार असेल तर वडीलधाऱ्यांच्या परवानगीने तिच्या ओबीडी जोडणीत छोटा स्कॅनर लावावा. किल्ली फिरवावी, परंतु इंजिन सुरू करू नये. स्कॅनरवर हवेचा दाब दिसेल. निपाणीत तो ९४ च्या जवळपास असावा. पुढे आजऱ्यावरून आंबोलीस गेलात तर तेथे सुमारे ९३ दिसावा, आणि घाट उतरून सावंतवाडीस पोचल्यावर १०० च्या जवळ. प्रत्येक ठिकाणी गाडी उभी करून आकडा वहीत लिहावा, शेजारी वेळ व उष्णता. सावंतवाडीसही ९४ च दिसला, तर तो दाब मोजणारा संवेदक बिघडला आहे असे समजावे व मिस्त्रींस दाखवावे.