संगणक जागा कसा होतो?

शाळेतील संगणकाची कळ दाबली की काही क्षणांत पडद्यावर चित्रे उमटतात. मधल्या अल्पशा काळात काय घडते, हे शिक्षकबंधुभगिनींनी समजून घेणे अगत्याचे आहे. कारण यंत्र पुष्कळदा याच ठिकाणी अडते.

संगणकाची कार्यस्मृती वीज जाताच कोरी होते. सर्व कामकाज चालविणारी मुख्य प्रणाली तबकडीवर साठविलेली असते. ती स्मृतीत आणावयाची, तर आणणारी आज्ञावली आधी स्मृतीत हवी. मग तिला कोणी आणावे? आपल्याच बुटाचे पट्टे ओढून स्वतःस उचलण्यासारखाच हा प्रकार! त्या इंग्रजी वाक्प्रचारावरूनच या क्रियेस ‘बूट’ हे नाव पडले.

हा पेच पायरीपायरीने सुटतो. मुख्य फलकावरील एका चिपेत, वीज गेली तरी न पुसणारी छोटी आज्ञावली असते. ती यंत्राची तपासणी करून तबकडीवरील ‘बूटलोडर’ शोधते. जुन्या बायोस पद्धतीत तबकडीचा पहिला खंड ५१२ बाइटांचा असून त्यात आज्ञांसाठी सुमारे ४४६ बाइटच मिळतात. एवढ्यात सर्व काम मावत नाही. म्हणून हा भाग केवळ पुढील मोठ्या भागास पाचारण करतो. नव्या यूईएफआय पद्धतीत बूटलोडर ही स्वतंत्र फाइलच असते.

लिनक्स संगणकांवर ‘ग्रब’ हा बूटलोडर सर्रास आढळतो. एरिक बोलेन यांनी १९९५ साली त्याचा आरंभ केला. त्याच्या सोयी अशा :

(१) एकाच यंत्रावर दोन प्रणाली असल्यास तो त्यांची यादी दाखवितो; ठरावीक सेकंदांत निवड न केल्यास नेमलेली प्रणाली आपण होऊन सुरू करतो.
(२) प्रणालीस द्यावयाच्या सूचना तेवढ्या वेळेपुरत्या बदलता येतात; पुढील वेळी मूळच्याच लागू होतात.
(३) नेहमीचा मार्ग अडल्यास दुरुस्तीचा किंवा जुन्या गाभ्याचा पर्याय निवडता येतो.
(४) अनधिकृत फेरफार टाळण्यासाठी परवलीचा शब्द ठेवता येतो.

बूट करण्याजोगे साधन सापडत नाही, अशी सूचना पडद्यावर आली तर यंत्र निकामी झाले असे समजून ते कपाटात बंद करू नये. प्रथम लावलेला पेन ड्राइव्ह काढून यंत्र पुन्हा सुरू करावे. तरीही न जमल्यास जाणकारास बोलवावे. परंतु प्रणाली नव्याने भरण्याची घाई करू नये. केवळ बूटलोडर बिघडला असेल, तर मुलांच्या नोंदी तबकडीवर शाबूत असतात. घाईने मात्र त्या कायमच्या पुसल्या जाण्याचा संभव असतो.