मथळा त्यांचा, वाट आपली

दुसऱ्या संस्थेच्या पोथीयादीची लिंक आपल्या मंडळाच्या पानावर द्यायची तर त्यांची परवानगी लागते का, असं सभासद अधूनमधून विचारतात. लिंकवरून झालेल्या अगदी सुरुवातीच्या गाजलेल्या खटल्यांपैकी एक कुठल्या महानगरातला नाही. तो स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांवरचा आहे. सगळ्या बेटांची मिळून वस्ती २२-२३ हजार, म्हणजे आपल्याकडचं एखादं तालुक्याचं गाव.

लेरविक या तिथल्या मुख्य गावातून १८७२ पासून ‘शेटलंड टाइम्स’ निघतं. त्याचे एक माजी संपादक डॉ. जोनाथन विल्स यांनी ‘शेटलंड न्यूज’ हे इंटरनेटवरचं पत्र चालवलं. १९९६ मध्ये टाइम्सही इंटरनेटवर आलं आणि भांडण जुंपलं. न्यूज टाइम्सचे मथळे शब्दशः आपल्या पानावर देई. मथळ्यावर क्लिक केलं की वाचक थेट टाइम्सच्या आतल्या बातमीवर. दर्शनी पान मधल्यामधे वगळलं जाई, आणि टाइम्सची जाहिरातींची आशा तर त्या पानावरच! वाड्याच्या दिंडीदरवाजाने न येता परसदारातून थेट माजघरात शिरावं, तसंच हे.

२४ ऑक्टोबर १९९६ रोजी लॉर्ड हॅमिल्टन यांनी न्यूजला तात्पुरता मनाईहुकूम दिला. गंमत अशी की आधार घेतला १९८८ च्या कॉपीराइट कायद्यातल्या केबल कार्यक्रमांच्या कलमाचा. वेबसाइट त्यात बसू शकते, आणि सात-आठ शब्दांचा मथळाही ‘साहित्यकृती’ ठरू शकतो, असं त्यांचं प्रथमदर्शनी मत पडलं. मला हे जरा ओढूनताणूनच वाटतं. पण वेगळा कायदा नव्हता, त्याला न्यायाधीश तरी काय करणार?

अंतिम निकाल लागलाच नाही. नोव्हेंबर १९९७ मध्ये पूर्ण सुनावणीच्या तोंडावर तडजोड झाली. लिंक चालेल, पण प्रत्येक मथळ्याखाली ‘शेटलंड टाइम्सची बातमी’ असं तेवढ्याच ठळक अक्षरात लिहायचं, आणि शेजारी टाइम्सचं नामचिन्ह द्यायचं. म्हणजे वाद कॉपीराइटवर सुरू झाला आणि मिटला नावावर.

नावाचा मुद्दा अमेरिकेतही आला. १९९७ मध्ये तिकिटमास्टरने मायक्रोसॉफ्टवर दावा लावला, त्यात आतल्या पानाच्या लिंकबरोबर ट्रेडमार्कचीही तक्रार होती. तोही १९९९ मध्ये आपसात मिटला. पुढे २००० साली तिकिटमास्टरच्याच दुसऱ्या एका खटल्यात न्यायाधीशांनी लिंकला ग्रंथालयातल्या कार्ड-सूचीची उपमा दिली. आपल्यासारख्यांना ती लगेच पटावी. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने २००४ मध्ये सत्यम इन्फोवेच्या प्रकरणात वेबसाइटच्या नावालाही ट्रेडमार्कसारखं संरक्षण मिळतं असं ठरवलं.

तेव्हा पोथीयादीची लिंक खुशाल द्यावी, फक्त संस्थेचं नाव तिथेच स्पष्ट लिहावं. त्यांचं बोधचिन्ह उचलून लावायचं असेल तर मात्र आधी पत्र टाकावं. शेटलंडमध्येसुद्धा ते दोघांच्या संमतीनेच लागलं होतं.