होनोलुलूचे बिशप म्युझियम : पिसांत जपलेले राज्य

हवाई बेटांची राजधानी होनोलुलू येथील कालिही भागात, काळसर लाव्हा दगडात बांधलेले बिशप म्युझियम हे पॉलिनेशियाच्या, म्हणजे हवाई, न्यूझीलंड आणि ईस्टर आयलंड हे ज्याचे तीन कोन मानतात त्या प्रशांत महासागरातील विशाल त्रिकोणाच्या, संस्कृतीचे एक अग्रगण्य संग्रहालय आहे. कामेहामेहा राजघराण्यातील राजकन्या बर्निस पौआही १८८४ मध्ये निवर्तल्या आणि त्यांच्याकडे आलेल्या राजवंशाच्या वस्तू जपल्या जाव्यात म्हणून त्यांचे पती चार्ल्स रीड बिशप यांनी १८८९ मध्ये त्याची स्थापना केली. पुढे चारच वर्षांत हवाईची राजसत्ता उलथवली गेली आणि १८९८ मध्ये ही बेटे अमेरिकेत विलीन करण्यात आली, हे ध्यानात घेतले म्हणजे या दूरदृष्टीचे मोल कळते.

१९०३ मध्ये खुल्या झालेल्या तीन मजली हवाईयन हॉलमध्ये कोआ या स्थानिक वृक्षाच्या लालसर लाकडाची कपाटे असून मध्यभागी व्हेल माशाचा प्रचंड सांगाडा टांगलेला आहे. तथापि ज्यासाठी वाट वाकडी करून यावे ती वस्तू म्हणजे ‘आहुउला’, अर्थात राजे व सरदार पांघरीत तो पिसांचा झगा. ओलोना नावाच्या झुडपाच्या सालीच्या तंतूंची बारीक जाळी विणून तिच्यावर इवल्या पिसांचे जुडगे दाटीने बांधले जात. पहिल्या कामेहामेहा राजाच्या सोनेरी झग्यासाठी वापरलेली पिवळी पिसे मामो या पक्ष्याची आहेत. बहुतांशी काळ्या असलेल्या या पक्ष्याच्या अंगावर अशी पिसे मोजकीच असल्याने एका झग्यामागे कित्येक पिढ्यांचे श्रम असत. मामो आता नामशेष झाला आहे, त्यामुळे असा झगा पुन्हा होणे नाही.

कालानिओपुउ या राजाने २६ जानेवारी १७७९ रोजी आपल्या खांद्यावरचा झगा उतरवून इंग्रज दर्यावर्दी कॅप्टन कुकला पांघरला होता. इंग्लंडमार्गे न्यूझीलंडला पोहोचलेला तो झगा तेथील ते पापा संग्रहालयाने २०१६ मध्ये प्रथम दीर्घ मुदतीसाठी आणि २०२० मध्ये कायमचा हवाईला परत केला, ही संग्रहालयांच्या जगातील खरोखर अनुकरणीय घटना होय.

प्रवासी बहुधा टाळतात ते येथील तारांगणही अवश्य पाहावे. होकुलेआ या जोडनौकेने १९७६ मध्ये हवाईहून निघून मायक्रोनेशियातील नाविक माऊ पियाइलुग यांच्या मार्गदर्शनाखाली होकायंत्राविना ताहिती गाठले. त्यानंतर नाइनोआ थॉम्पसन या हवाईयन तरुणाने याच घुमटाखाली ताऱ्यांच्या उदयास्ताचा अभ्यास केला आणि १९८० मध्ये तीच सफर स्वतः मार्ग काढीत पूर्ण केली.